टिटवीनं तोडलेला नाडा

केनवडच्या मळ्यात भर सकाळी मोटेचा नाडा तुटला आणि भरलेली मोट धपकन विहिरीत गेली. चंपतनं कपाळावर हात मारून घेतला. "टिटवी वरडली नं मघाशी. तिनंच तोडला."

शालिकरामनं गप्प बसायला हवं होतं. बायको प्रयागबाई गेल्यापासून घरात त्याचं ऐकायला भिंती तेवढ्या होत्या. उलट बोलणारं माणूस म्हणजे शेजारच्या मळ्यातला हा चंपत. विहिरीवर इंजिनं येण्याआधीचे ते दिवस. दोघांकडे एकेकच बैल, म्हणून सावड: दोन बैलांची जोडी करायची, आज याची वांगी भिजवायची, उद्या त्याची. पण दुसऱ्याच्या बोलण्यातली खोट शालिकरामला भाकरीतल्या खड्यासारखी लागे, आणि ती काढून दाखवल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

"टिटवी रोजच वरडते," तो म्हणाला. "मंग नाडा काहून रोज तुटत नाही? आधी हे झालं, मांगून ते झालं, म्हून याच्यानंच ते झालं काय?"

"माहा आजा सांगे."

"आजानं सांगतलं म्हून खरं होते काय?"

"अरे, सारा गाव मानते."

"सारा गाव चुकते बापा."

"तुले काय समजते? घरात एकटा भुतावानी राह्यतो तू."

"पाह्य. मुद्दा सरला, म्हून आता मानसावर आला."

या बिनतोड उत्तरावर चंपतनं आपला बैल सोडला आणि घरची वाट धरली. शालिकराम जिंकला होता. ही बातमी सांगायला जवळ कोणी नव्हतं, म्हणून त्यानं ती उरलेल्या बैलाला सांगितली. बैलानं शेण टाकलं.

नवा नाडा आला, पण एका बैलावर मोट चालेना. वांगी माना टाकू लागली. तो गावात उत्तमरावाकडे बैल मागायला गेला. उत्तमराव म्हणाले, "देतो बा. पन चंपतनं तुले सोडलं, म्हनजे तुह्यातच काही खोट असन." यातली चूक शालिकरामला ताबडतोब दिसली, आणि ताबडतोब त्यानं ती दाखवली. तोही बैल गेला.

संध्याकाळी चुलीपुढं बसून तो दोन्ही बाजूंनी एकटाच भांडून पाहू लागला. चंपतचं बोलणं आपणच बोलायचं, त्यात काही राम वाटेना. चंपत वाद वाईट घालायचा, पण समोर बसून घालायचा.

दुसऱ्या दिवशी तो चंपतच्या दारात उभा राहिला. "या भाऊजी," चंपतची बायको पंचफुला म्हणाली. शालिकरामनं घोकून आणलेलं वाक्य एका दमात टाकलं, "टिटवीनंच तोडला गा नाडा."

"टिटवीनं?" चंपत हसला. "कुजला होता तो. टिटवी बिचारी रोजच वरडते. तुले काही अक्कलच नाही."

अक्कल काढणं म्हणजे पुन्हा माणसावर जाणं, हे शालिकरामच्या अगदी जिभेवर आलं. त्यानं दात घट्ट आवळले.

"नाही बा मले अक्कल," शेवटी तो म्हणाला. "सकायी बैल घिऊन येशीन नं?"

"येतो," चंपत म्हणाला. "तुले समजून सांगाले कोनीतरी पाह्यजेच."