सोबत कोण?

शिंपीकाकांचं भांडण मोतीबिंदूशी नव्हतंच मुळी, सुईशी होतं. बायको होती तोवर दोरा ती ओवून द्यायची आणि वर "एवढंही दिसत नाही का हो?" असं ऐकवायची. ती गेली आणि काकांचं शिवणकामच अडलं. मुलगा परगावी, दुकानात चिटपाखरू नाही. शेवटी काकांनी सरकारी दवाखाना गाठला. रांगेत कंबर पार मोडली, तेव्हा कुठे खिडकी आली.

"सोबत कोण?" खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता विचारलं.

"कोणी नाही. एकटाच आहे."

"ऑपरेशनला सोबत लागते. माणूस आणा, मग तारीख."

"अहो, माणूस आणू कुठून?"

"ते आम्ही देत नाही. इथे फक्त औषधं मिळतात. तीही संपलीत."

"पुढे सरका, पुढे सरका! दारात थांबू नका!" मागून खणखणीत आवाज आला. निवृत्त कंडक्टर होता तो. त्यालाही मोतीबिंदू, आणि घरी त्याच्याच शब्दांत 'गाडी रिकामी'. "असं करू," तो काकांच्या कानाशी लागला, "मी तुमचा भाऊ, तुम्ही माझे. मिटलं!"

काकांनी जन्मात खोटं माप घेतलं नव्हतं, पण इथे त्यांनी मान डोलावली. बाईंनी दोघांना भाऊ म्हणून लिहून घेतलं, आणि भाऊच ते, म्हणून दोघांना एकाच दिवसाची तारीख दिली.

"ह्यांच्यासोबत कोण?" त्या दिवशी सिस्टरने विचारलं.

"मी," काका म्हणाले.

"आणि तुमच्यासोबत?"

"हे."

"अहो, दोघंही टेबलावर झोपणार, मग बाहेर बसणार कोण? भिंत?"

झालं! काकांनी मुकाट्याने हिरवा अंगरखा उतरवला आणि ते बाकावर जाऊन बसले. कंडक्टरचा डोळा झाला. काकांच्या पुढच्या तारखेला डॉक्टर रजेवर, त्याच्या पुढच्या तारखेला मशीन बंद. मशीन चालू झालं तर वीज गेली. काका दर खेपेला तणतणायचे. कंडक्टर मात्र शांतपणे डबा उघडायचा, त्यात भाजी दोघांपुरती असायची. एकदा त्याच्या सदऱ्याचं बटण तुटलं. काकांनी सुई काढली आणि चाचपडू लागले. कंडक्टरने ती हिसकावून घेतली.

"एवढंही दिसत नाही का हो?"

त्या दिवशी काका कोणावरच तणतणले नाहीत.

अखेर काकांचाही डोळा झाला. "उत्तम!" पट्टी काढून डॉक्टर म्हणाले. "आता यायची गरज नाही."

"सुटलात बुवा," कंडक्टर म्हणाला, पण आवाज काही खणखणीत निघाला नाही. फाटकापाशी दोघं दोन दिशांना गेले.

घरी येताच काकांनी सुई घेतली. दोरा पहिल्याच फटक्यात आत गेला! "अगं, बघ—" म्हणत काका वळले. खोलीत कोणीच नव्हतं. मग त्यांनी दोरा हळूच ओढून काढला, पायात चपला सरकवल्या आणि कंडक्टरचं दार ठोठावलं.

"जरा ओवून द्या हो. दिसत नाही."

"आता? ऑपरेशन झालं ना तुमचं?"

"सरकारी काम ते!" काका आत येऊन ऐसपैस बसले. "वेळ लागायचाच."