उंबऱ्यावर पाय

धुडकू आबांच्या एका शब्दापायी आमच्या कॉलेजची फायनल गेली, असं देवपुरात अजून हसत हसत सांगतात. मीही ऐकतो आणि हसतो. ती आबांच्या शब्दापायी गेली नाही, माझ्यापायी गेली. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही, आणि तिला मी बहुतेक सगळं सांगतो.

पण आधी आबा कळायला हवेत.

आबा मैदानात होम प्लेटपाशी आले की चपला काढायचे. ज्यांनी सॉफ्टबॉल पाहिलेला नाही त्यांना एवढंच सांगतो की तो क्रिकेटचा लांबचा मावसभाऊ आहे. चौकोनाच्या एका टोकाला पाटाएवढी पांढरी फळी जमिनीत बसवलेली असते, ती होम प्लेट. तिथून चेंडू मारायचा, पळत सुटायचं, तीन बेसवर थांबत थांबत चौकोन फिरायचा आणि परत त्याच फळीवर पाय टेकवायचा. पाय टेकला की एक रन; त्याआधी चेंडू तिथे पोचला की गडी बाद. आबा या फळीला उंबरा म्हणत. आणि उंबऱ्यापाशी चपला काढायच्या नाहीत तर कुठे काढायच्या?

खेळाडूंना बुटांची सूट होती. "ते दमीसन घर येतस," आबा म्हणायचे, म्हणजे ती पोरं दमून घरी येतात, त्यांना काय नियम लावायचे. बाकी कुणाला सूट नव्हती. उद्‌घाटनाला आलेल्या एका पुढाऱ्यांना आबांनी बूट काढायला लावले, तेव्हा त्यांचा मोजा अंगठ्याशी फाटलेला निघाला आणि त्या वर्षी भाषण फार लवकर आटोपलं. एकदा बाहेरगावचे अंपायर मला बाजूला घेऊन विचारू लागले की तुमचे सर अनवाणी होऊन प्लेटला हात लावतात, हे मंत्रतंत्र तर नाही ना? मी म्हटलं, नाही, ते भूगोलाचे प्राध्यापक आहेत. त्यांचं समाधान झालं नसावं.

आबा खरोखरच भूगोलाचे. सॉफ्टबॉलच्या शिबिराला कुणाला तरी पाठवायचं होतं, आणि भूगोलाच्या तासाला मुलं कमी असतात म्हणून यांना पाठवलं. परत आले ते अख्ख्या चौकोनाचा नकाशा बनवूनच. पहिला बेस म्हणजे खळं, दुसरा म्हणजे पांझरा, तिसरा म्हणजे वेस, आणि मग उंबरा. माणूस घरून निघतो, खळ्यात जातो, नदी ओलांडतो, वेशीतून परत येतो. एका सामन्यात आमची पोरं लागोपाठ दुसऱ्या बेसवरच बाद झाली, तर एसटीत बसल्यावर आबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आज पांझराले पूर उना व्हता."

साक्रीकडचा माणूस. वर्गात पुस्तकी मराठी, मैदानात अहिराणी आणि प्राचार्यांपुढे गप्प, असा त्यांचा क्रम होता. कॉलेजचा कोचिंग स्टाफ म्हणजे आम्ही दोघं. मी पहिल्या बेसपाशी, म्हणजे खळ्यात उभा राहायचो, आबा वेशीत. आमचा पोरगा पांझरा सोडून वेशीकडे सुटला की आबा दोन्ही हात हवेत ओढायचे आणि एकच ओरडायचे, "घर ये भो, घर ये." ये भाऊ, घरी ये, अशी हरवलेल्या माणसाला हाक मारावी तसं. समोरच्या संघाची पोरं सुरुवातीला नक्कल करायची. थोड्या वेळानं करेनाशी व्हायची.

आणि संध्याकाळी, सराव संपला की, "बठ्ठा घर उनात का?" सगळे घरी आले का. हा प्रश्न मैदानावर संपत नसे. बाहेरगावहून परतलो की आबा सायकलवर देवपूरभर हिंडून प्रत्येकाच्या दारात तोच विचारायचे. आयांना कौतुक वाटायचं, पोरांना कापरं भरायचं. कारण पोरगा एसटीतून उतरून परस्पर सिनेमाला गेलेला असायचा, आणि आबा त्याच्या घरी चहा पीत बसलेले असायचे.

मी तेव्हा शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन नवाच आलो होतो. नवा ट्रॅकसूट, गळ्यात नवी शिट्टी. मी धरणगावचा, आमच्याही घरात अहिराणीच. पण ती मी पदवी घेताना बाहेर काढून ठेवली होती, आबा चपला ठेवायचे तशी. आबा त्यांच्या परत घालायचे, माझं तसं झालं नाही. खळं, पांझरा, उंबरा हे शब्द तोंडात आले की मला लाज वाटायची. मी पोरांना फर्स्ट बेस म्हणायचो, पोरं मागे वळून एकमेकांना सांगायची, "खयं म्हनी ऱ्हायनात सर." म्हणजे सर खळं म्हणताहेत.

त्या वर्षी प्राचार्यांनी आबांना बोलावून सांगितलं की या खेपेला विभागीय स्पर्धा जिंका, नाहीतर संघ नव्या माणसाकडे देऊ. नवा माणूस कोण, हे कार्यालयातल्या शिपायालाही माहीत होतं. आबा बाहेर आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चाल भो, ग्राउंडवर चाल."  भूगोल कुणी काढून घेतला असता तरी ते बोलले नसते. संघ तेवढा त्यांना हवा होता.

फायनल जळगावात, जळगावच्याच एका कॉलेजशी. आमचा सगळ्यात चपळ गडी कावीळ होऊन पडला होता, म्हणून प्रमोदला नेलं. रावेरकडचा, केळीवाल्यांच्या घरातला, शंभर मीटर पळणारा. त्याला संघात येऊन आठवडाच झाला होता. सरावात त्याला आम्ही फक्त बेस चोरायला, म्हणजे कुणी चेंडू मारायची वाट न बघता पुढच्या बेसकडे सुटायला शिकवलं होतं. खळ्यातून पांझरा, पांझरेतून वेस. तिथून मागे.

आबांच्या ते लक्षात आलं होतं. सकाळी हातात पितळी पेला घेऊन ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "हाऊ पोऱ्या आजलोंग वेशीलोंगच पयना. घर येल नही. त्याले सांगी दे, हाऊ उंबरा शे, पन आठे पाय देवाना शे." एवढंच. पोरगा आजवर वेशीपर्यंतच पळालाय, घरी आलेला नाही. घरचा उंबरा ओलांडायचा असतो, त्यावर पाय द्यायचा नसतो. इथे मात्र द्यायचा. हे त्याला कुणीतरी उघड सांगायला हवं होतं. आबांना वाटलं, मी शिकलेला, मी नीट सांगेन.

मी हो म्हटलं. प्रमोद माझ्यापासून चार हातांवर बुटाची नाडी बांधत होता. मी विसरलो नाही. तसं असतं तर हे लिहायची गरज नव्हती. उंबरा हा शब्द मी उच्चारणार नाही, पदवीधर माणसानं खेळ असा समजावायचा नसतो, असं काहीतरी माझ्या मनात होतं. आणि त्याच्या खाली आणखी एक होतं: हा शब्द एकदा आबांना नडू दे. फायनलच जावी असं मला वाटत नव्हतं. पण नडू दे, असं वाटत होतं.

शेवटच्या डावात आम्ही एका रननं मागे होतो, दोन गडी बाद, प्रमोद पांझरेवर. मागच्या पोरानं चेंडू लांब मारला. प्रमोद असा सुटला की जळगावची पोरंही उभी राहिली. वेशीत आबा दोन्ही हात ओढत होते. "घर ये भो, घर ये." फेक उशिरा येत होती. प्रमोद प्लेटपाशी आला आणि त्यानं सुरेख लांब उडी घेऊन ती ओलांडली. पलीकडे उतरला, वळला, खाली वाकून प्लेटच्या दिशेनं हात जोडले. बरोबरी झाली म्हणून आमची पोरं त्याच्या अंगावर जाऊन पडली.

प्लेटमागे चेंडू झेलायला उभा असलेला जळगावचा कॅचर तेवढा शांत होता. चेंडू हातात आल्यावर त्यानं प्लेटवर पाय ठेवला आणि अंपायरांकडे पाहिलं. अंपायरांनी अंगठा वर केला. आऊट. सामना संपला.

आबा चालत आले. चपला वेशीतच राहिल्या होत्या. प्रमोद रडत नव्हता, त्याला काय चुकलं हेच कळत नव्हतं. "सर, उंबऱ्यावर पाय कसा देऊ?" तो म्हणाला. "मायनं कधी देऊ दिला नाही."

आबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मग माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "तू त्याले सांगेल व्हतं ना?"

"हो आबा," मी म्हणालो. "सांगितलं होतं."

प्रमोद माझ्याकडे बघत होता.  प्राध्यापकाला खोटं ठरवायची त्याच्याकडे पद्धत नव्हती. आबांनी मान हलवली. "मंग मनाच शबद खोटा शे." म्हणजे मग माझाच शब्द खोटा.

त्या संध्याकाळीही ते सायकलवर फिरले. प्रमोदच्या खोलीवर बराच वेळ बसले होते म्हणतात.

संघ माझ्याकडे आला. आबांनी आपणहून शिट्टी आणून दिली. मी लाकडी प्लेट काढून रबराची बसवली, पोरांकडून इंग्रजी नावं घोकून घेतली, आणि पुढच्याच वर्षी विभाग जिंकलो. सत्काराला आबा मागच्या रांगेत होते. टाळ्या वाजवत होते. नंतर मला म्हणाले, "अभिनंदन सर." तोवर ते मला भो म्हणायचे. पुढे मैदानावरून जाताना कधी थांबलेच तर जपून, परक्या वस्तूला हात लावावा तसं, होम प्लेट म्हणायचे. उंबरा हा शब्द मी त्यांच्या तोंडून परत ऐकला नाही. एकदा सोडून.

ते निवृत्त होऊन साक्रीकडे गावी जायला निघाले, तेव्हा एका रविवारी सकाळी भेटायला गेलो. इतकी वर्षं एका कॉलेजात, आणि त्यांच्या खोलीवर मी पहिल्यांदाच जात होतो. सामान बांधलेलं होतं. आबांच्या पत्नी मी कॉलेजात येण्याच्या आधीच वारलेल्या. एक मुलगा, तो काहीतरी बोलाचाली होऊन सुरतेला निघून गेलेला, हे मला शेजाऱ्यांकडून कळलं. आबांनी कधी विषय काढला नव्हता. आम्हीही विचारलं नव्हतं. ते मात्र रोज विचारायचे.

भाड्याची सिमेंटची खोली, दाराला उंबरा नव्हता. तिथे जमिनीवर ती जुनी लाकडी प्लेट ठेवलेली होती. घासून पांढरी केलेली, कडेला हळदीकुंकवाचं बोट.

माझी नजर तिथे खिळलेली पाहून आबा म्हणाले, "पोऱ्या उना तर त्याले उंबरा नको का?" आणि मग, "ये भो. पाय दी ये. हाऊ पाय देवानाच उंबरा शे."

मला पाय ठेवता आला नाही. मी ती ओलांडून आत गेलो.

आबा खूप हसले. "आऊट," म्हणाले. स्टोव्हवर चहा ठेवला. मी चहा प्यालो, तब्येतीची चौकशी केली, आणि निघालो. जातानाही ओलांडूनच.

आबा गावी आहेत. साक्रीची एसटी माझ्या घरावरून जाते. प्लेट त्यांनी सोबत नेली, असं सामान चढवणारा सांगत होता. त्यांच्या दारात जाऊन, त्या फळीवर पाय देऊन, "आबा, मी प्रमोदला सांगितलं नव्हतं," एवढं त्यांना सांगणं माझ्याकडे अजून बाकी आहे.