जगूचे वाळे

आमचा जगू पाखरांच्या पायात वाळे घालायचा. तान्ह्या पोराला घालतात ना, तसे. आधी पाखराची उलटतपासणी. "कुठून आलास? मुक्काम किती? भाताला त्रास देणार नाहीस ना?" पाखरू बिचारं काय बोलणार! मग जगूच म्हणायचा, "बरं, जा. पण आमचं गास गाव विसरू नकोस."

स्वराज्य येऊन चार-पाच वर्षं झाली असतील. गासला त्याचं शेत माझ्या शेताला लागून. बायको नाही, पोर नाही. भादव्यात भात निसवायला लागला, लोंब्या बाहेर पडल्या की उत्तरेकडून परीट पाखरं यायची, बांधावर शेपटी हलवत. जगू टोपली काठीवर टेकवायचा, खाली वाळवी टाकायचा आणि दोरी धरून चिखलात पालथा पडायचा. वाळे पत्र्याचे, दगडावर घासलेले. वर खिळ्याने कोरलेलं, 'गास'.

मी चौथी नापास, तरी विचारलं, "तिकडच्या लोकांना मराठी येतं का रे गाढवा?"

"लोकांसाठी नाही दादा. पाखरासाठी आहे."

सराव म्हणून त्याने आमच्या कोंबड्यांनाही वाळे घातले. माझी बायको मथू हसून लोटपोट. "भावजी, ह्या कुठे जायच्यात? कुंपणापर्यंत?" मग तिचं नेहमीचं, "जेवलात का?"

"जेवलो हो वहिनी."

ती ऐकतेय कुठे? पान वाढायचीच.

मथू ज्येष्ठात गेली. भादव्यात जगू दारात. "दादा, वहिनींच्या चुन्याच्या डबीचं झाकण द्या."

"चालता हो!"

हललाच नाही. शेवटी झाकण अंगावर फेकलं. त्याचा वाळा झाला, एका परटाच्या पायात गेला. "पुढच्या भादव्यात बघू," म्हणाला. मी शिव्या घातल्या. पण वर्षभर वाट त्याचीच बघितली, खोटं कशाला बोलू?

भादवा आला. रोज दोघं चिखलात पालथे. पाखरं यायची, पाय मोकळे. 'गास'वाले दोन सापडले, पण तो नाही. मी म्हटलं, पुरे झालं.

मग एका सकाळी टोपली पडली. जगूने पाखरू हातात घेतलं आणि काहीच विचारलं नाही. मी वाकून बघितलं. वाळ्यावर गास नव्हतं. 'मथू' होतं.

"जेवलो हो वहिनी," जगू हळूच म्हणाला आणि मूठ उघडली.

जेवला नव्हता. मला काय कळत नाही? टोपली काखेत मारली आणि म्हटलं, "चल घरी." चुलीवर भात ठेवला. वर्षाने पहिल्यांदा, दोघांचा.