पहिल्या नंबरचं गाणं

इसिडोरचं गाणं रेडिओच्या फर्माइशीच्या यादीत पहिलं आलं, आणि त्याच रविवारी मिस्सा आटोपून चर्चबाहेर पडताना त्याच्या बायकोशी, उर्सुलाशी, कुणी एक शब्द बोललं नाही.

इसिडोर साकीनाक्याच्या एका कारखान्यात फिटर. अमेरिकेतले गुराखी म्हणतात तसली रडकी गाणी गिटारवर म्हणायची त्याला भारी हौस. तसलंच एक त्यानं मराठीत रचलं: नवरा कामावर, बायको ट्रकवाल्याबरोबर पसार. एका कंपनीनं तबकडी काढली आणि मरोळपासून वांद्र्यापर्यंत हॉटेलाहॉटेलांत ती वाजू लागली.

उर्सुलानं सुरुवातीलाच विचारलं होतं, "मी कधी पळाले रे?"

"अगं, गाण्यात कुणीतरी पळावं लागतं. नवरा-बायको बोंबील खाऊन झोपली, हे कोण ऐकेल?"

आता गावानं ट्रकवाला शोधायला घेतला. गावात ट्रक एकट्या दशरथचा. तो इंजिनात पाणी घालायला विहिरीवर थांबायचा, आणि विहीर इसिडोरच्या दारात. तेवढं पुरलं. दशरथची बायको शेवंती भरदुपारी येऊन उर्सुलाला वाट्टेल ते बोलून गेली. मग फादर आले. इसिडोरच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "क्षमा कर तिला."

"फादर, गाणं खोटं आहे!"

"तिला सांभाळून घेतोस. मोठं मन आहे तुझं."

उर्सुला आतून बाहेर आली. "पेपरात छापून आण, सगळं खोटं आहे म्हणून. उद्याच्या उद्या."

इसिडोर चुळबुळला. लोकांना खरं वाटतंय म्हणूनच तबकडी खपतेय, असं कंपनीच्या साहेबानं त्याला बजावलं होतं. "थोडं थांब ना. नंबर खाली येऊ दे."

तिनं ट्रंक भरली आणि वसईला भावाकडे निघून गेली. नंबर सात आठवडे खाली आला नाही.

आठव्या रविवारी तो तिला आणायला गेला. अंगणात पाय ठेवतो तोच शेजारीपाजारी गोळा झाले. "अरे, हाच तो! एकदाच म्हण ना रे!" कुणीतरी गिटारही आणली. इसिडोरनं वर पाहिलं. उर्सुला खिडकीत उभी होती. तो नको नको म्हणाला, आणि मग डोळे मिटून गायला. इतकं चांगलं तो कधीच गायला नव्हता.

शेजारची म्हातारी डोळे पुसत खिडकीकडे ओरडली, "बघ गं, एवढं होऊनही न्यायला आलाय! पाया पड त्याच्या!"

इसिडोर खरं काय ते सांगणार होता. पण टाळ्या चालू होत्या. त्या थांबल्या तेव्हा खिडकी बंद झाली होती.