खंडेनवमीला पूजेत बसलेला टॅबलेट

"पुढच्या दहा वर्षांत कॉम्प्युटर नावाची वस्तू शोधूनही सापडणार नाही!" असं श्यामकांत चौबळांनी घटस्थापनेच्या सकाळी जाहीर केलं, तेव्हा त्यांचा स्वतःचा चष्मा सापडत नव्हता. तो त्यांच्या कपाळावरच होता. वनमालाताईंना दिसत होता, पण त्या सांगू शकत नव्हत्या. त्यांचं मौन होतं.

मौनाचं आधी सांगते. वनमालाताईंच्या घरी नवरात्रात बाईने रोज पहाटेपासून देवीला नैवेद्य दाखवेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. लिहूनही काही सांगायचं नाही, कारण लिहून बोलणं म्हणजे मागच्या दाराने बोलणं, असं सासूबाई सांगून गेल्या होत्या. खाणाखुणा चालतात. आता ज्या नवऱ्याला लग्नाला इतकी वर्षं होऊनही धड शब्द कळत नाहीत, त्याला खुणा काय कळणार! पण देवीपुढे असले प्रश्न काढायचे नसतात.

श्यामकांतराव एका कंपनीच्या खरेदी खात्यातून निवृत्त झालेले. मुलुंड पूर्वेच्या त्यांच्या सोसायटीत लिफ्ट बिघडण्यापासून जागतिक राजकारणापर्यंत सगळ्याचं निदान तेच करत. गणपतीत जावयाने त्यांना एक टॅबलेट आणून दिला, आणि त्या दिवसापासून माणूस देवाला हात जोडायच्या आधी काचेवर बोट फिरवू लागला!

"अगं, स्क्रीन आहे, मेमरी आहे, इंटरनेट आहे. कॉम्प्युटरला आणखी काय लागतं? शिंगं?"

"तुम्हाला बघायचंय तेवढं दिसतं त्यात," वनमालाताई एकदा दुपारी हळूच म्हणाल्या होत्या. "मला काम करायचं असतं हो."

"काम! दोन पानं टाइप करायची, त्याला काम म्हणे!"

ती दोन पानं म्हणजे घाटकोपरच्या शिवदास भालेरावांचा 'शेजारपाजार' हा दिवाळी अंक होता. हॉलच्या कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवर वनमालाताई वर्षानुवर्षं त्याची अक्षरं जुळवत आल्या होत्या. जोडाक्षर तुटलं तर त्या अख्खं पान पुन्हा जुळवत. कवितेची ओळ समासाबाहेर गेली, तर जेवण जात नसे. आणि अंकात छापून काय येई? 'अक्षरजुळणी : चौबळ एंटरप्रायझेस'! हे नाव श्यामकांतरावांनी ठेवलेलं. एंटरप्रायझेसमध्ये एक बाई आणि एक स्टूल होतं.

या वर्षी मात्र शिवदास स्वतःहून म्हणाले होते, "वहिनी, यंदा तुमचं नाव टाकतो. अक्षरजुळणी आणि मांडणी, वनमाला चौबळ. पहिल्या पानावर, माझ्या नावाखाली."

वनमालाताई तेव्हा फक्त "बरं" म्हणाल्या. घरी येऊन त्यांनी देवीपुढे जास्तीचं निरांजन लावलं आणि ते कशासाठी, हे कुणालाही सांगितलं नाही.

तर घटस्थापनेची सकाळ. ताई स्वयंपाकघरात पुरणाच्या कणकेत मनगटापर्यंत बुडालेल्या. दारात भंगारवाला. श्यामकांतराव हॉलमधून ओरडले, "अगं, हे डबडं देऊन टाकतो गं! नवरात्रात घर कसं स्वच्छ पाहिजे!"

ताई धावत बाहेर आल्या. कणकेचे दोन्ही हात जोरजोरात हलवले. नाही, नाही, नाही!

"बघ बाबा," श्यामकांतराव भंगारवाल्याला म्हणाले, "मॅडम पण सांगतायत. लवकर घेऊन जा!"

"मॅडम गुस्से में हैं क्या साब?"

"छे! व्रत आहे."

ताई दाराशी आडव्या उभ्या राहिल्या. भंगारवाल्याला वाटलं, जागा करून देतायत. तो शेजारून निघाला! कॉम्प्युटर गेला, कीबोर्ड गेला, आणि त्याच्यावर चिकटवलेली देवीची बारीक तसबीरही गेली. आलेल्या पैशांत टॅबलेटला निळं कव्हर आलं.

नैवेद्य दाखवल्यावर ताई पहिलं वाक्य बोलल्या, "अहो, माझा अंक होता त्यात."

"मग? पेनड्राइव्हमध्ये घेतेस ना रोज? टॅबलेटला लाव!"

लावणार कुठे? श्यामकांतरावांनी टॅबलेट उलटा केला, आडवा केला, म्हशीचे दात बघावे तसा चारही बाजूंनी बघितला. शेवटी स्टेशनजवळून एक जोडणी आणली आणि पेनड्राइव्ह आत गेला. अंक उघडला तो असा, की त्यातलं एक अक्षर मराठी नव्हतं! ताईंचे फाँट जुन्या वळणाचे, टॅबलेटला त्यांची ओळख नाही. निसर्गकवितेच्या जागी नुसते डॉलर, कंस आणि उद्गारचिन्हं. एखादा माणूस फार चिडून शिव्या देतोय आणि कुणीतरी त्या छापायचं टाळलंय, असं दिसत होतं.

"थोडं वेगळं दिसतंय," श्यामकांतराव म्हणाले, "पण उघडलं की नाही? म्हणजे कॉम्प्युटरच!"

ताईंनी ठाण्याला लेकीला फोन लावला. ऋता ऐकून आधी किंचाळली आणि मग म्हणाली, "आई, तू रडू नकोस. माझ्या कपाटात जुना लॅपटॉप पडलाय. त्याच्यावर तुझं सगळं चढवून घेते आणि दसऱ्याला घेऊन येते. बसलीस की एका दिवसात संपवशील तू. आणि बाबांना सांग..." पुढचं लेकीने वडिलांबद्दल बोलण्यासारखं नव्हतं.

अंकाची पानं जवळजवळ होत आली होती. शिवदास रोज संध्याकाळी फोन करत. "वहिनी, होतंय ना?" आणि नवरात्रात खोटं बोलायचं नाही म्हणून ताई म्हणत, "देवीची इच्छा." हे खोटं नव्हतं. खरंही नव्हतं. कामासाठी देवीला पुढे करणाऱ्या आपण पहिल्याच बाई नसू, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

खंडेनवमी आली.

खंडेनवमीला घरातली आयुधं पूजेला बसतात. ज्याने पोट भरतं ते घासूनपुसून पाटावर ठेवायचं, हळदकुंकू, अक्षता, झेंडूचं फूल वाहायचं आणि दसऱ्याच्या आरतीपर्यंत त्याला हात लावायचा नाही. यंत्रालाही विश्रांती. दरवर्षी पाटावर कॉम्प्युटरचा कीबोर्ड असे. या वर्षी ताईंनी पहाटे पाट मांडला. कात्री ठेवली, शिवणयंत्राची चावी ठेवली, विळी ठेवली. उरलेल्या जागेकडे त्यांनी बराच वेळ बघितलं. मग नवऱ्याच्या उशाखालचा टॅबलेट आणला, निळं कव्हर काढलं आणि मधोमध ठेवला. काचेवर कुंकवाचं ठसठशीत बोट उमटलं. वर झेंडू.

यात राग किती आणि भक्ती किती, हे देवीलाच ठाऊक. विधी मात्र चोख झाला.

साडेअकराला श्यामकांतराव आंघोळ करून आले, ते थेट किंचाळले. "अगं, हा इथे काय करतोय! पाच वाजता ज्येष्ठ नागरिक संघात माझं भाषण आहे! सगळी चित्रं यात आहेत!"

भाषणाचा विषय संघाच्या फळ्यावर खडूने लिहिलेला होता : 'टॅबलेट हाच उद्याचा खरा संगणक'.

ताईंनी पाटाकडे बोट केलं, मग घटाकडे, मग बोटानेच उद्या असं सांगितलं.

"उद्या? उद्या काय करू? उद्या कोण ऐकणार?"

ताईंनी मान हलवली. यंत्र आहे. पूजेत बसलंय.

"अगं, यंत्र कसलं? यंत्रांची पूजा असते, मान्य. पण हे यंत्र आहे का? कीबोर्ड आहे का याला? तुझा पेनड्राइव्ह धड वाचता आला का याला? खेळणं आहे गं! मोठा फोन आहे! फोन कधी कुणी पाटावर बसवतं का?"

ताईंनी भुवई वर केली. एवढीच.

"हो, म्हणत होतो मी! चुकलो! देवीसमोर सांगतो," आणि श्यामकांतरावांनी घटासमोर हात जोडून, जिन्यात ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "हा कॉम्प्युटर नाही! या घरात कॉम्प्युटर नाही! होता तो मी भंगारात दिला!"

दार सताड उघडं होतं. तोरण बांधायला उघडलेलं. दारात हातात मजकुराचं पाकीट घेऊन शिवदास भालेराव उभे होते.

"दिला?" शिवदास म्हणाले. "कधी?"

"घटस्थापनेला," श्यामकांतराव खुशीत म्हणाले. आपल्याला साक्षीदार मिळाला असं त्यांना वाटलं! "सांगा हो हिला. टॅबलेटला कॉम्प्युटर म्हणतात का?"

"नाही म्हणत," शिवदास ताईंकडे बघत म्हणाले. "वहिनी, मग माझा अंक कशावर जुळतोय? मी रोज विचारत होतो. आज रात्री मी नागपूरला निघतोय, दीक्षाभूमीला. परत आलो की थेट छपाई. तुम्ही एका शब्दाने तरी..."

गॅसवर नैवेद्याची खीर उकळत होती. आणखी थोडा वेळ. तेवढ्यात ती उतरली असती, देवीपुढे गेली असती आणि ताईंचं तोंड मोकळं झालं असतं. त्यांनी हाताने लॅपटॉप उघडल्यासारखं दाखवलं. शिवदासांना वाटलं, त्या पुस्तक मिटल्याची खूण करतायत.

"संपलं म्हणता?" ते खिन्नपणे म्हणाले. "ठीक आहे."

ते वळले, आणि वनमालाताई बोलल्या.

"शिवदासभाऊ, थांबा. उद्या ऋता लॅपटॉप आणतेय. उद्याच पुरं करते मी. नाव..."

"अगं!!" श्यामकांतराव ओरडले. "मौन मोडलंस! आई गं! शेवटच्या दिवशी! घट बसलेत समोर! अहो शिवदास, बघा, बोलली ही! आता काय प्रायश्चित्त घ्यायचं असतं? तुमच्यात काय करतात?"

"आमच्यात नाही हो घट," शिवदास कसेबसे म्हणाले. आपल्या पायी एका बाईचं व्रत मोडलं, या विचाराने ते गोरेमोरे झाले. "वहिनी, माझ्यामुळे त्रास नको. पार्ल्याला एक मुलगी करते काम. तिच्याकडे देतो. तुम्ही... तुम्ही पूजा करा." पाकीट त्यांनी परत काखेत मारलं. जिन्यावरून त्यांच्या चपलांचा आवाज खाली गेला आणि पाठोपाठ स्वयंपाकघरात खीर उतू गेली.

श्यामकांतरावांनी देवीला नमस्कार करून टॅबलेट उचलला. कुंकू ओल्या फडक्याने पुसलं. पाच वाजता संघात जाऊन त्यांनी तासभर सांगितलं, की हाच खरा कॉम्प्युटर कसा आहे. मध्येच टॅबलेट स्वतःच चित्रं सरकवू लागला, कारण हळद कडेच्या फटीत शिरली होती. "बघा, न सांगता काम करतो!" असं ते म्हणाले आणि टाळ्या पडल्या.

दसऱ्याला ऋता लॅपटॉप घेऊन आली. त्यात सगळे फाँट होते, प्रत्येक जोडाक्षर ठणठणीत. ताईंनी त्याची पूजा केली आणि तिने आणला तसाच परत दिला.

पुढे असं झालं, की अंकात एका जाहिरातदाराने आयत्या वेळी माघार घेतली आणि दोन पानं मोकळी पडली. शिवदासांचा फोन आला. उचलला श्यामकांतरावांनी! बैठक मारून त्यांनी लेख लिहिला, 'टॅबलेट हाच उद्याचा खरा संगणक'. फुलस्केप कागदावर, बॉलपेनने, खाडाखोड करत.

"टॅबलेटवर नाही लिहिलात?" ताईंनी विचारलं.

"विचार कागदावरच सुचतात गं," ते म्हणाले.

दिवाळीच्या आधी अंक घरी आला. ताईंनी हात धुवून, पुसून तो हातात घेतला. पहिल्या पानावर शिवदासांच्या नावाखाली पार्ल्याच्या मुलीचं नाव होतं. अक्षरजुळणी आणि मांडणी. बारीक पण स्वच्छ टाइप, समास बरोबर. ताईंनी त्यावरून बोट फिरवलं आणि मनात म्हणाल्या, पोरगी नीट काम करते. मग त्यांनी शेवटची पानं उघडून नवऱ्यासमोर धरली. तिथे फोटोसकट श्यामकांत चौबळ छापलेले होते.

"तुझं नाव नाही का आलं गं?" श्यामकांतरावांनी स्वतःचा फोटो डोळ्यांजवळ नेत विचारलं.

"नाही."

"जाऊ दे," ते मोठ्या मनाने म्हणाले. "माझं आलंय ना! आडनाव तर एकच आहे आपलं!"