न्यायाधीशांची खोली

घराचा इतिहास सांगावा तो मीच! पाहुणे हातातला चमचा हातातच ठेवून ऐकत बसायचे. अडचण एवढीच, की तो इतिहास मीच रचलेला होता.

बाबा गेल्यावर घर खायला उठायचं, म्हणून आम्ही त्याचं बेड अँड ब्रेकफास्ट केलं. आलेला प्रत्येक पाहुणा विचारायचा, "घर जुनं दिसतंय, काय इतिहास?" इतिहास कसला! आजोबा शिंपी. वरच्या खोलीत जन्मभर पँटी शिवल्या. हे ऐकलं की पाहुण्यांचे चेहरे हवा गेलेल्या फुग्यासारखे! मग मी एका न्यायाधीशांना जन्माला घातलं. ते म्हणे वरच्या खोलीत निकाल लिहायचे. फळ्यांच्या जमिनीतले चार खळगे? त्यांच्या तिजोरीचे!

"एक दिवस तोंडघशी पडाल," बायको म्हणाली.

आणि आत्या आली. न कळवता! वरची खोली भरलेली, म्हणून तिला जिन्याखालची दिली. सकाळी ती नाश्त्याला थेट वरच्या खोलीतल्या जोडप्याशेजारी जाऊन बसली. मी चहाची किटली घेऊन मागोमाग धावलो.

"झोप लागली ना? माझा जन्म त्याच खोलीतला," आत्या म्हणाली.

"अय्या! म्हणजे तुम्ही न्यायाधीशांच्या कन्या? जमिनीतले ते खळगे त्यांच्या तिजोरीचेच ना?"

"कुठले न्यायाधीश? शिंप्याची मुलगी मी. ते खळगे मशीनच्या पायांचे."

सगळं टेबल माझ्याकडे वळलं. आत्यासुद्धा. एका शब्दाचं काम होतं हो! आणि मी काय म्हणालो?

"वय झालंय आत्याचं. हल्ली जरा गोंधळ होतो."

"असू दे हं आजी," म्हणत त्या बाईंनी आत्याचा हात थोपटला. आत्या माझ्याकडे नुसती बघत राहिली. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं! तिने चहा संपवला, पिशवी उचलली आणि निघाली.

मी फाटकापर्यंत धावलो. "आत्या, चुकलं! चल आत, सगळ्यांना खरं सांगतो."

"काय सांगशील? तुझे आजोबा कुणाकडे शिवण शिकले? मशीन कुठून आणलं? ते शेवटी गेलं कुठे?"

मला एकाचंही उत्तर येईना.

"बघ," ती म्हणाली आणि रिक्षात बसली.

परत आलो तर ते जोडपं दारातच. बाईंचे डोळे पाणावलेले. "आजींना किती सांभाळून घेता! असा भाचा मिळायला नशीब लागतं."

आणि मी, सवयीने, "कसचं, कसचं!" म्हणालो.