पेटी एकटी जात नाही

एसटीत बत्तीस वर्षं कंडक्टरकी केलेल्या माणसाला सामानाची ने-आण कुणी शिकवू नये. कोंबड्या, सायकली, संत्र्यांचे क्रेट, एकदा तर नवरदेवासकट अर्धी वरात, सगळं मी मुक्कामी पोचवलेलं आहे. म्हणून नात मिनल शाळेतून रडत आली, तेव्हा मी बसल्या जागेवरून सांगून टाकलं, "पेटी ना? मी आणतो." या वाक्याला आता पंधरा दिवस झाले. कंबर अजून दुखते आहे.

मिनल सहावीत. स्नेहसंमेलनात स्वागतगीताला हार्मोनियम तीच वाजवणार होती. दर बुधवारी शाळेत खरी पेटी, बाकीचे दिवस घरी खोटी. खोटी म्हणजे गांधीबागेतल्या दुकानातून आलेल्या साडीच्या खोक्याचं झाकण, त्यावर स्केचपेननं काढलेल्या पट्ट्या. झाकणातून आवाज निघत नाही, म्हणून ती बोट ठेवेल तो सूर मी तोंडानं काढायचा! दोन महिने मी तिची पेटी होतो. "आबा, हा कोमल होता," ती म्हणे, की मी पुन्हा काढे. स्वयंपाकघरातून माझी बायको गोपिका विचारी, "अजी, पोट दुखून राहिलं का?"

आणि संमेलनाला चार दिवस असताना उंदरांनी शाळेच्या पेटीचा भाता कुरतडला. संगीताच्या माया मॅडमनी सांगितलं, शनिवारपर्यंत पेटी मिळाली नाही तर मोबाइलवर ट्रॅक लावू. मग मिनलनं समोर बसून टाळ्या वाजवायच्या.

"बाबा, भाड्यानं आणतो न एक," मुलगा सुशील म्हणाला.

"भाड्याची कायले? आपल्या गावच्या भजन मंडळाची आणतो. तसा सूर अख्ख्या काटोल तालुक्यात नाही."

हे बोलणं मला नडलं.

गावी गेलो. मंडळाचे अध्यक्ष देवराव माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पान लावलं आणि म्हणाले, "पेटी नेय ना गा रुपराव. नातीसाठी नाही म्हणतो का? पण पेटी एकटी जात नाही."

झालं होतं असं, की एकदा पेटी कुणाच्या लग्नाला गेली ती दोन वर्षांनी परत आली, तीन पट्ट्या गमावून. तेव्हापासून पेटी जाईल तिथं मंडळ जातं. म्हणून बसमधून माझ्या मांडीवर पेटी आली, देवराव आले, खंजिरीवाले भैय्याजी आले, आणि टाळ वाजवणारा त्यांचा मेहुणा आला, जो दोन दिवसांत एक शब्द बोलला नाही पण जेवला व्यवस्थित.

शहरातलं आमचं सक्करदऱ्याचं घर दोन खोल्यांचं. पाहुणे आत, मी गॅलरीत.

मिनलनं खोळ काढली. चेहरा असा उजळला की मी कंबर विसरलो. तिनं पट्टीवर बोट ठेवलं, तोच देवराव म्हणाले, "थांब पोरी. पेटी उघडली का आधी भजन होते. मंग कोणी काही वाजवो."

"किती वेळ?"

"पाच अभंग. मधात सोडता येत नाही."

पाच अभंगांना पाऊण तास लागला. मग मिनलनं तिचं तीन मिनिटांचं गाणं वाजवलं आणि पेटी मिटली. "आबा, एकडाव अजून वाजवू?" तिनं पुन्हा उघडली. पुन्हा पाच अभंग. दोन दिवस हेच. वर पहाटे चारला मंडळाचा काकडा, कारण घर कोणतंही असो, नेम तो नेम. शेजारचे ओमप्रकाशजी पहिल्या पहाटे भांडायला आले आणि दुसऱ्या पहाटे झांज घेऊन आले. मी दोन दिवसांत मिळून चार तास झोपलो असेन.

शनिवारी एका ऑटोत पेटी, मंडळ, मिनल आणि मी. मॅडमनी फेट्यांकडे पाहिलं.

"आजोबा, हे कोण?"

"पेटीसोबत आले आहेत."

"स्वागतगीत तीन मिनिटांचं आहे हो."

"हाव, पण त्याच्याआधी..." मी नियम सांगितला. मॅडम रडकुंडीला आल्या. पण मिनलचं नशीब थोर, प्रमुख पाहुणे अर्धा तास उशिरा येणार असल्याचा फोन आला आणि मॅडमच म्हणाल्या, "काका, करा सुरू."

तिसऱ्या अभंगाला पाहुणे दारात हजर झाले. मुख्याध्यापक पुष्पगुच्छ घेऊन हातवारे करत होते. देवरावांनी डोळे मिटलेले. पाहुणे दोन अभंग हात जोडून दारातच उभे राहिले, भले माणूस होते.

मी दुसऱ्या रांगेत बसलो. डोक्यावर पंखा, पाठीला टेकायला खुर्ची, आणि पेटी सुखरूप स्टेजवर. आता फक्त ऐकायचं होतं. दोन महिने जे सूर मी घशातून काढले, ते आज नातीच्या बोटांतून येणार होते. मला भरून आलं. मी क्षणभर डोळे मिटले.

टाळ्यांनी जाग आली. मिनल स्टेजवर वाकून नमस्कार करत होती. मी उभा राहून सगळ्यांपेक्षा जोरात टाळ्या वाजवल्या.

ऑटोत तिनं विचारलं, "आबा, कसं झालं?"

"एकदम झकास. मी तर डोळे मिटून ऐकलं."

"तोंड उघडं ठेवून?"

देवराव बाहेर बघू लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चुकलं माझं, बेटा," मी म्हणालो. "दोन दिवसांची झोप बाकी होती."

तिनं पेटीची खोळ सारखी केली. मग म्हणाली, "घरी वाजवते तुमच्यासाठी. पण जागं राहा लागीन."

घरी आल्याबरोबर मी डोळ्यांवर पाणी मारलं, गोपिकाकडून कडक चहा घेतला, गादी सोडून मुद्दाम लाकडी स्टुलावर बसलो. मिनलनं खोळ काढली, माझ्याकडे पाहून हसली आणि बोटं पट्ट्यांवर ठेवली.

"थांब पोरी," देवराव फेटा सावरत म्हणाले.

दुसऱ्या वेळीही तिनं फार छान वाजवलं, असं गोपिका सांगते.